पिशवीतली घुरघुर

खाडी ओलांडायच्या तरीवरच्या होडीत एक म्हातारी माझ्यासमोर येऊन बसली, तेव्हा तिच्या मांडीवरची कापडी पिशवी हलत होती. पिशवीचं तोंड तिने मुठीत घट्ट आवळून धरलं होतं, पण दुसऱ्या हाताचा अंगठा वरून सारखा कुरवाळत होता. आत मांजर होतं. पाण्यापलीकडे सोडलेलं मांजर परत येत नाही, असं आमच्याकडे मानतात. मला तिचा रागच आला.

"कित्याक सोडतास, काकी?" मी विचारलं.

"नातवाच्या पाळण्यात जावन निजता. सून भियाता," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

होडी वल्ह्याची होती, त्यामुळे पिशवीतली घुरघुर स्पष्ट ऐकू येत होती.

"मांजर तरी खूश दिसता," मी टोमणा मारला.

"खूश खंयचा! भियालेला आसा ता. भियाला तरी मांजर असाच घुरघुरता. आपलीच समजूत घालता."

पलीकडे उतरून तिने पिशवी उघडली. मांजर पळालं नाही. कान पाडून, पोट जमिनीला टेकवून ते तिच्या पायांमागे दडलं. तिने पाय सोडवून घेतले आणि त्याच होडीत, आमच्याकडे पाठ करून बसली.

मला पुढे जायचं होतं, पण पाय निघेना. मी मांजराजवळ उभा राहिलो. होडी लांब गेली आणि पाण्यावरून बारीक गुणगुणणं ऐकू आलं. तीच गुणगुणत होती, एका सुरात, न थांबता.

मांजराचे पाडलेले कान उभे राहिले आणि तिच्याकडे वळले.