कॉलरचा वास

ओल्या लोकरीचा वास आला की अजून धडधडतं बघा. अमेरिकेत नेपरव्हिलला होतो, माझी लेक हायस्कूलात, आणि तिच्या कपाटात मागे कोंबलेलं एक जॅकेट सापडलं, बर्फानं ओलं, छातीवर शाळेचं मोठं लोकरीचं अक्षर, माप तर चांगलं बाप्याचं. शेजारच्या काकूंनी आदल्याच आठवड्यात सांगितलेलं, "खेळात चमकलेल्यांना शाळा ते अक्षर देते, आणि पोरं ते जॅकेट मैत्रिणीला घालायला देतात. लक्ष ठेव गं!"  हिच्या बाबांना कळलं तर दहावीत माझी सुटली तशी हिची शाळा सुटणार, रवानगी थेट नागपूरला. मी खिसे चाचपले, सिगरेटचा, सेंटचा वास येतो का म्हणून कॉलर हुंगली, तर खोबरेल! दर रविवारी मीच तिच्या डोक्याला चोपडते तेच. "मॉम! व्हॉट आर यू डुइंग?" दारात ती. "कुणाचंय हे?" "माझं! मी शाळेच्या टीममध्ये पळते. तू शॉर्ट्स घालू नको म्हणालीस, सो नाही सांगितलं." "मग एवढं मोठं?" "आत स्वेटर नको का, मॉम?" आता कॉलेजातनं आली की ती जॅकेट दाराशी टांगते. ती आंघोळीला गेली की मी हळूच कॉलर हुंगते, खोबरेल आलं की मगच चहा टाकते.