आक्काच्या आधी पाणी

आक्का गेली तेव्हा मी अमरावतीच्या शाळेत भूमिती शिकवत होतो. शिपाई वर्गाच्या दारात येऊन नुसताच उभा राहिला... काय ते कळलं. महिना उलटला, पण अजून खडू हातात घेतला की तो शिपाई दिसतो.

आक्का माझी थोरली बहीण. दिली होती भातकुलीला, खारपाण पट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोडं पाणी लांबून बैलगाडीवर येतं. आधी पाहुणे, मग घरची माणसं, आणि उरलं तर सुनेनं प्यायचं. उभा संसार तिनं असाच कोरड्या घशानं केला. रक्ताचा कर्करोग निघाला तेव्हा मी तिला माझ्याकडे आणली. डॉक्टरांनी मुंबईहून मागवलेल्या गोळ्या सुरू केल्या आणि मला बजावलं, "गोळ्यांनी रोग मोडेल, पण मोडलेलं सगळं मूत्रपिंडांतून बाहेर पडायला हवं. दिवसभर पाणी पाजा, नाहीतर रोगाआधी मूत्रपिंडंच जातील."

आमच्या विहिरीला पाणी मुबलक. पण आक्कापुढे ते सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! दोन घोट घेऊन भांडं खाली. मी जात्याच तापट, ओरडायचो. "काहून बोंबलून राह्यला बाप्पा? पेली ना मी," म्हणत ती आपलं भांडं शेजारच्या शांताबाईपुढे सरकवायची. "उन्हातून आली ते, तिले दे आंधी." पुढं लघवी कमी झाली, कंबर ठणकू लागली. मी पार घाबरलो.

तोड काढली ती शांताबाईनंच. भांडं हातात तसंच धरून म्हणाली, "आक्का, तुमी पेल्याबिगर मी नाई पेत. चक्कर येऊन राह्यली मले, पाहा बरं." दारी आलेलं माणूस तहानेलं बसलंय, हे आक्काला कसं सोसावं? ती गटागटा प्यायली. मग काय, दूधवाला, धोबी, अगदी अकोल्याचे व्याहीसुद्धा हेच नाटक करू लागले. तिला डाव कळत होता. "लबाड हायेत सारे," म्हणायची आणि प्यायची. हळूहळू ठणका थांबला. रोगानं तिला शेवटी नेलंच, पण मूत्रपिंडं अखेरपर्यंत शाबूत राहिली, आणि आम्हाला तिच्यासोबत आणखी एक दिवाळी मिळाली.

परवा शांताबाई आली. बायकोनं पाणी दिलं. तिनं भांडं ओठांपाशी नेलं आणि थांबली...

"प्या ना," मी म्हणालो.

"पेते जी मास्तर. तिच्याआंधी पेवत नाई अजून."

मी उठलो, माझं भांडं भरलं आणि शांताबाईच्या आधी प्यायलो.