डाव्या पानावरचं वचन

माझी मावशी एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. वाफेत उभं राहून राहून चेहरा कायम लालबुंद, पण आवाज असा खणखणीत की चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायचं काम मंडळीनं तिच्याच गळ्यात घातलं होतं. तिला वाचायला शिकवलं होतं मास्तरांनी. मास्तर म्हणजे मंडळीचे जुने उपदेशक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचा शब्द अजून चालायचा.

त्या रविवारी पाठ होता प्रभूने मेलेल्या मुलीला उठवलं, त्या गोष्टीचा. मी आईशेजारी बसले होते. मावशी नेहमीसारखी वाचत होती, आणि मध्येच तिचा आवाज खाली गेला, घोगरा झाला.

"अकाली गेलेल्याला नावानं हाक मारू नका. ओ देईल तो तुमचा नसेल."

माझ्या अंगावर काटा आला, कारण तिच्याबरोबर सगळ्या म्हाताऱ्यांचे ओठ हलत होते. आईचेही.

मावशी थबकली. तिनं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उरलेलं कसंबसं उरकलं.

बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला. "अगं, ते वाक्य पानावर नव्हतंच."

"मग वाचलंस कुठून?"

"वाचलं कुठे? तोंडातून आलं. मास्तर असेच बोलायचे, अगदी असेच."

तिनं ज्याला त्याला विचारलं. सगळे ठामपणे सांगत, आहे की! डाव्या पानावर, अगदी तळाला. बायबलातल्या कोणत्या पुस्तकात, म्हटलं की मात्र एक म्हणे संदेष्ट्यांत, दुसरा म्हणे पत्रांत. मावशी जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून शोधायची. डावी पानं संपली, उजवीही संपली. वाक्य कुठेच नव्हतं.

शेवटी ती पाळकांकडे गेली. नवे होते, वयानं तिच्या मुलासारखे.

"पाळकसाहेब, मास्तर खोटं बोलले का हो?"

"तापाच्या साथीत घरोघरी लेकरं गेली म्हणे. आया दारात बसून हाका मारायच्या, खायच्या-प्यायच्या नाहीत. त्यांना आवरायला बोलले असतील. दयेपोटीच."

"म्हणजे माणसाचं काही ऐकायचंच नाही?"

"मग मी दर रविवारी तिथे उभा राहून काय करतो?" ते हसले. "ऐकायचं, मावशी. पण शास्त्राशी ताडून बघायचं. तुमच्याच पाठात बघा ना. प्रभूने त्या मुलीला काय केलं?"

मावशी म्हणाली, "हाक मारली."

तिथून ती थेट आमच्याकडे आली, अंगात लाँड्रीचा अ‍ॅप्रन तसाच. आई खिडकीपाशी उसवलेली उशी शिवत होती.

"ते शास्त्रात नाहीये गं," मावशी म्हणाली. "घे तिचं नाव."

"कुणाचं?" मी विचारलं. दोघींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मला एक मोठी बहीण होती, माझ्या जन्माआधीच तापानं गेली, हे मला त्या दुपारी कळलं.

"मास्तर उगाच कशाला सांगतील?" आईनं सुई उशीत खुपसली. "आणि ओ आलीच तर?"

"मी आहे ना इथे."

आईनं उशी बाजूला ठेवली. मग आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून तिनं एक नाव घेतलं. घरात कधीच कुणी न उच्चारलेलं.

"ओ," मी म्हणाले.

का म्हणाले, आजही सांगता येत नाही. जीभ आपोआप हलली. आईनं सावकाश मान वळवली. ती माझ्याकडे असं बघत राहिली की मला वाटलं, आता ही विचारणार, तू कोण? मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग आईनं मला जवळ ओढलं. "तिची धाकटी तू," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. अंधार पडेपर्यंत तिचंच सांगत होती. ती वेणी घालू द्यायची नाही, झोपेत हसायची.

पुढच्या रविवारी मावशीनं सगळ्यांसमोर सांगितलं, ते बोल मास्तरांचे, शास्त्राचे नव्हेत. काही म्हाताऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती अजूनही पोरांना मास्तरांच्याच पद्धतीनं वाचायला शिकवते, त्यांचं चांगलं ते सांगते, आणि लगेच म्हणते, "हे मास्तरांचं हं."

आई आता कामाच्या नादात कधीमधी ते नाव घेते. मी शेजारच्या खोलीत असले की हातातलं टाकून, ओठ घट्ट मिटून तशीच उभी राहते. आईला मात्र आता भीती वाटत नाही.