अडुळशाआडचं पाऊल

निजामाच्या अमलातली नेकनूरची भिवराबाई म्हणजे लई हौशी बाई. घरामागच्या कडुलिंबाच्या दाट सावलीत तिनं न्हाणीच्या पाण्यावर अडुळसा, कर्दळ वाढवली, पाखरांसाठी पाण्याचं परळ ठेवलं. बुलबुल आले, मुंगूस आलं. पण लेक सत्यभामा बाळंतपणाला आली आणि त्याच आठवड्यात पाखरं यायची थांबली. परळाजवळ चिखलात पंजा उमटला होता.

“कुत्रं असंल,” नवरा सुंदरराव म्हणाला. “तुझ्या पाव्हण्यांत तेवढंच ऱ्हायलं होतं.”

“कुत्र्याची नखं उमटतात, धनी. ह्याची न्हाईत. बिबट्या हाय.”

बाळंतिणीची न्हाणी अडुळशाला लागूनच होती. भिवराबाईनं परळ पालथं घातलं, कोयता उचलला आणि पहिली फांदी तोडली. वारा पडलेला होता, तरी आतली दुसरी फांदी हळूच हलली.