निऱ्यांतला चिंचोका

वडशाजवळच्या गावात लटारूइतकी देखणी बाई दुसरी नव्हती, असं जुने लोक अजून सांगतात. दंडारीच्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करत, तेव्हाची ही गोष्ट. लटारू तलावावरून मासे मारून यायचा, अंगाचा वास घालवायला साबणाची अख्खी वडी झिजवायचा आणि लुगडं नेसून उभा राहिला की म्हातारेसुद्धा पागोटं सारखं करायचे. मग नाटक कंपन्यांनी नागपुराहून खऱ्या नट्या आणल्या. लटारू पुन्हा तलावात गेला.

लग्नाचं तेवढं राहूनच गेलं. मुलगी मागायला गेला की होणारे सासरे पोट धरून हसत. "पोरगी द्याची हाये का न्याची हाये, ते तं सांगा पह्यले!" हसू ओसरलं की चहा यायचा, मुलगी यायची नाही. चाळिशी जवळ आली, आणि त्याची म्हातारी आई गुणाबाई एकटीच चुलीपाशी खोकत बसायची.

अशात वडशाला सुरेंद्रने नेटचं दुकान टाकलं. मासे विकून झाले की लटारू तिथे एका बोटाने टाइप करत बसू लागला, आणि एक दिवस त्याला आचल भेटली. अहेरीची, नवऱ्याने सोडलेली, दंडारीची आवड असलेली. आवाजात गोडवा असणार, हे लटारूने इंग्रजी अक्षरांवरूनच ओळखलं.

"लटारूभाऊ, पारखून घ्या जरा," सुरेंद्र म्हणाला. "फोटो तं कोनाचाबी टाकता येते."

"तं कॅमेऱ्यात पाहू ना."

पाहिलं. पडद्यावर आधी कपाळ उतरलं, मग कुंकू उतरलं, आणि लाईट गेली. पुढच्या खेपेला तिचाच कॅमेरा बिघडला होता. फोन तिच्या घरी नव्हता.

तेव्हा लटारूने स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं. बाई म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्याने विचारलं, 'धानाच्या रोवणीत वाकून वाकून निऱ्या सुटाले लागल्या, तं काय करतेस?'

उत्तर लगेच आलं. 'निऱ्यांत चिंचोका घालते आनि गाठ मारते. मंग कितीबी गिरक्या घ्या!'

लटारू खुर्चीतून उठलाच. "शंभर टक्के बाई हाये, सुरेंद्र! चिंचोका म्हनते! दंडारीत मीबी तेच करत होतो!"

घरी येऊन त्याने आईलाही सांगितलं. गुणाबाईने फुंकणी खाली ठेवली.

"चिंचोका कायले? मी सारा जलम लुगडं नेसून राह्यली. बाईचं लुगडं काऊन सुटन रे?"

"तुले नाई समजत त्यातलं," लटारू म्हणाला. आईला लुगड्यासाठी वन्समोअर कधी मिळाला होता? पण सून येणार म्हणताच म्हातारीने ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढून बाजेवर ठेवलं. तो निघाला त्या सकाळी तिला खोकलाही आला नाही.

अहेरीच्या बाजारात, बांगड्यांच्या दुकानापाशी भेटायचं ठरलं होतं. लटारूने हिरव्या बांगड्या घेतल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे चोरून पाहत उभा राहिला. कोणी थांबली नाही. मग त्याला दुकानाच्या कडेला पँट-शर्टातला एक पन्नाशीचा गृहस्थ दिसला. गर्दीत कोणाचा धक्का लागला, तसा त्या माणसाने खांद्यावरचा पदर सावरला. खांद्यावर पदर नव्हता.

 ही सवय लटारूला स्वतःलाही अजून होती.

"आचल?"

"उमाजी म्हना, भाऊ," तो मान खाली घालून म्हणाला. "धानोऱ्याकडच्या दंडारीत होतो. नट्या आल्या, मंग मले कोन इचारते? त्या कंपुटरवर बाई झालो तं लोकं पुन्हा गोड बोलाले लागले."

"अन् मले इथवर आनलं?"

"तुमी निऱ्यांचा सवाल केला ना, तवाच समजलो मी, हा आपल्यातला मानूस. मले वाटलं, तुमीबी समजले असान."

लटारू काही समजला नव्हता. दोघांनी टपरीवर चहा घेतला. उमाजी बशी करंगळी उचलून धरत होता. लटारूने पाहिलं, तर आपलीही करंगळी वरच. त्याने ती मुकाट्याने दुमडली.

"बोलत राहान ना कंपुटरवर?" बस आली तेव्हा उमाजीने विचारलं.

"कोनासंगं बोलू? आचलसंगं का उमाजीसंगं?"

लटारू पायरीवर चढला. कंडक्टरने घंटी मारली.

लटारू घरी पोचला तेव्हा गुणाबाई दारातच बसली होती. तिने त्याच्या मागे वाकून पाहिलं. मागे रस्ताच होता.

"काऊन रे, खोटी निंगाली?"

"बाई खोटी होती, आई. चिंचोका खरा होता."

म्हातारीला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने बाजेवरचं लुगडं उचललं आणि ट्रंकेत ठेवण्यासाठी घडी घालू लागली. घडी वाकडी पडली. लटारूने ते तिच्या हातून घेतलं आणि काठाला काठ लावून पुन्हा नीट दुमडलं. लुगड्याच्या बाबतीत त्याला आईचं काही पटत नसे.