लीली पट्टी

आमच्या ऑफिसात किस्से खरकट्या कपांसारखे साठतात. एक विसळावा तोवर सिंक पुन्हा भरलेलं!

मांजलपूरच्या एका फ्लॅटमध्ये हे लोक वेबसाइटला जोडायचे प्लगिन बनवतात. माझं काम म्हणजे सेटिंगच्या पानावरचं एकेक बटण दाबायचं आणि काय बिघडतंय ते सांगायचं. मालक भावेशभाई म्हणाले होते, "सातवी शिकलेली चालेल, पण बाई भित्री पाहिजे. भित्रं माणूस दोनदा बघतं!" भित्री तर मी आहेच. माझ्या गार्गीला ताप चढला की झटके येतात.

*

आमची प्रोग्रामर प्राची. तिच्या हातून कोडमधला एक अर्धविराम खोडला गेला आणि एका मंगल कार्यालयाची अख्खी साइट पांढरी पडली. सगळे स्क्रीनभोवती गप्प उभे. भावेशभाई दारातच थबकले, चपला काढत हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

"साइट," प्राची म्हणाली.

*

एकदा प्राचीनं स्वतः बनवलेलं पान तिलाच म्हणालं, 'तुम्हाला इथे यायची परवानगी नाही.'

"अहो, मीच बांधलं ना हे!"

मी म्हटलं, "लग्न होऊ दे, माहेरही असंच बोलतं!"

भावेशभाई खो खो हसले. प्राचीचं लग्न ठरलंय, ती नाही हसली.

*

सेव्ह दाबलं की वर हिरवी पट्टी येते. भावेशभाई तिला लीली पट्टी म्हणतात. गुजरातीत लीली म्हणजे हिरवी. एका डॉक्टरांनी दवाखान्याची वेळ बदलली. लीली पट्टी आली, वेळ मात्र जुनीच! पेशंट बंद दारासमोर बसून राहिले.

"पट्टी खोटं बोलते?" भावेशभाईंनी विचारलं.

"खोटं नाही, भाई. बटण दाबलं, एवढंच तिला माहीत. आत काय गेलं ते तिला कोण सांगतंय!"

"म्हणजे माझ्यासारखीच!"

*

आमचं घर हरणीला, ऑफिसपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या गार्गीच्या पाळणाघरानं आमचंच प्लगिन घेतलंय. मूल आजारी पडलं की पाळणाघर चालवणाऱ्या बेननी बटण दाबायचं, आईला मेसेज जातो. माझा नंबर बदलला, तो नवा मी लगेच त्यांना दिला होता.

काल दुपारी प्राची ओरडली, "ताई, डॉक्टरांच्या वेळेचा घोळ सापडला! गुजराती आकडे टाकले की नवं काही आत जातच नाही. आणि वर पट्टी येतेच!"

मी तिथूनच पाळणाघरात फोन लावला. "बेन, माझा नंबर कुठल्या आकड्यांत टाकलात?"

"गुजरातीमां. केम, काय झालं?" बेन म्हणाल्या. "अन् तुम्ही निघालात ना? सकाळपासून दोनदा मेसेज केला. लीली पट्टी आली होती!"