भट्टीला वाहायचा नारळ

गणेशपुरीच्या स्टँडवर मला एसटीत बसवताना ताई म्हणाली, "तू कॉलेजात जातोस, नीट बघून ये. तिथे माणसाने काम करावं असं आहे का, ते सांग." भावजी, म्हणजे तिचे यजमान, वळ गावाजवळच्या एका पोलादाच्या भट्टीवर मेल्टर (धातू वितळवणारा कारागीर) होते आणि तिथेच राहत होते. त्यांनी ते काम सोडावं की नाही, हे ती माझ्या सांगण्यावरून ठरवणार होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिचा हा भरवसा मला वाटभर जड वाटत होता.

धामणकर नाक्यावर उतरलो. भारनियमनामुळे लूम (यंत्रमाग) बंद होते आणि कामगार दुकानांच्या सावलीत आडवे झाले होते. शेअर रिक्षात चौथा म्हणून कोंबला गेलो. चढताना चपलेचा अंगठा तुटला. "फेक दे यार, वळला नवी मिळेल," रिक्षावाला म्हणाला. मिळाली नाही. गोदामांच्या रांगांमधून पाय ओढतच भट्टीपर्यंत गेलो.

भट्टीला आतून नवीन अस्तर लावलं होतं आणि त्यावरची पहिली हीट (एका वेळी वितळवलेला लोखंडाचा रस) तयार होत होती. पुस्तकात वाचलेलं समोर दिसत होतं, पण पुस्तकात धग नसते. रस उकळत होता. त्यातला जादा कार्बन जळून वायू होऊन निघत होता. वर तरंगणारी मळी भावजी लांब सळईने ओढून काढत होते. मग नमुना तपासायला पाठवला आणि सिलिकॉन, मँगनीज टाकलं. "हे नाही टाकलं तर पोलाद ठिसूळ राहतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते. जोडीदार गावी गेल्यामुळे ते डबल ड्युटी करत होते.

तेवढ्यात कारखान्याच्या जागामालकाची आई जिना चढून भट्टीच्या चौथऱ्यावर आली. तिला सगळे मावशी म्हणतात. नव्या अस्तराच्या पूजेसाठी आणलेला नारळ तिच्या हातात होता, न फोडलेला. ती थेट भट्टीच्या तोंडाकडे निघाली.

"मावशी, थांब!" भावजींनी सळई टाकून तिचा हात धरला.

"सोर हात! आमी खारीला (खाडीला) आख्खाच नारल सोरतो. फुटका देवाला चालत न्हाय."

"खाडी गार असते गं. यात पडला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटेल आणि सगळा रस आपल्या अंगावर येईल."

"माजे हातचे नारलाला देव आजवर कोपला न्हाय!"

"मौसी, ये वाला भगवान ज़रा गरम दिमाग का है," पलीकडून क्रेनवाला ओरडला. सगळे हसले. मावशी मात्र चिडली. "पाव्हन्यासमोर माजा हात धरलास," असं म्हणत ती खाली गेली. नारळ खालीच फोडला. खोबरं तिने सगळ्यांना वाटलं, भावजी सोडून.

रस साच्यांत ओतून झाल्यावर भावजी बाकड्यावर बसले.

"परवा भंगारात दोन्ही तोंडं बंद असलेली नळी आली होती. तीही रसात फुटली असती, पण वेळेत दिसली. आज मावशी दिसली. एखाद दिवशी माझा डोळा लागला तर?"

मी घाबरत म्हणालो, "ताईने हेच बघायला पाठवलंय मला."

त्यांनी डोळे चोळले. "मग सांग तिला. मला सांगायला जमत नाही. ती म्हणेल, एवढ्यात थकलात."

परतीच्या एसटीत उभं राहायलाही जेमतेम जागा होती. लोखंडातून नको ते काढायला केवढी आग लागते, ते मी पाहिलं होतं. भावजींना मनातलं एक वाक्य बाहेर काढायला मात्र मेव्हण्याची वाट बघावी लागली, याचंच मला राहून राहून वाईट वाटत होतं.

घरी मी कार्बनपासून सुरुवात केली. ताईने मला थांबवलं. "ते राहू दे. ते काय म्हणाले?"

मी शब्दन् शब्द सांगितला. चुलीजवळ बसलेल्या तिने जळतं लाकूड मागे ओढलं.

"मला वाटायचं, तेच सोडणार नाहीत," ती म्हणाली. मग उठली. "चप्पल घाल. त्यांना फोन करून येऊ."

माझ्या पायाकडे लक्ष गेल्यावर तिने स्वतःची चप्पल माझ्यापुढे सरकवली आणि अनवाणीच बाहेर पडली.